थैला निवडताना कापड नंतर पाहा, आधी आपली फेरी पाहा

थैला घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न कापडाचा येतो. सुती घ्यावा, तागाचा घ्यावा की तो घडी करून मुठीत मावणारा? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. आधी हे बघावं की आपला बाजार कधी होतो, कशावरून होतो आणि थैला त्या वेळी कुठे असतो. नागपुरात ऑफिसातून परतताना गोकुळपेठेत थांबून पावभर मिरच्या आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेणारा वेगळा, आणि रविवारी सकाळी कॉटन मार्केटातून आठवड्याची भाजी आणणारा वेगळा. दोघांना एकच थैला दिला, तो कितीही मजबूत असला, तरी पहिल्याचा थैला घरी खुंटीला लटकत राहील आणि सांभार प्लास्टिकच्या पन्नीतच येईल.

म्हणून खरेदीआधी एक आठवडा फक्त लिहून ठेवा: काय घेतलं, अंदाजे किती किलो, पायी की गाडीवर, घरून निघून की वाटेत. चार माणसांच्या घरात कांदे दोन किलो, बटाटे दोन, टमाटर एक, कोबी एक, वांगी अर्धा किलो, पालेभाजीच्या तीन जुड्या असा बाजार धरला तर सात-आठ किलो होतात. हे सगळं एका थैल्यात मावतं, पण मावतं म्हणून भरू नये. एका हातात पाच-सहा किलोच्या वर गेलं की थैल्याचे बंद बोटांत रुततात आणि खांदा एका बाजूला झुकतो. दोन मध्यम थैले, दोन हातांत, हे एका मोठ्या थैल्यापेक्षा नेहमी बरं. तीन मजले जिना चढायचा असेल तर जास्तच.

वाटेत घेणाऱ्यांसाठी

ज्यांचा बाजार ठरवून होत नाही त्यांना घडीचा थैला लागतो. पातळ नायलॉन किंवा पॉलिस्टरचा, पन्नास-साठ ग्रॅम वजनाचा, ऑफिसच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात कायम राहील असा. घेताना त्याच्या घडीची पद्धत दुकानातच करून पाहा. काहींना वेगळं छोटं पाकीट असतं. ते पहिल्या महिन्यात हरवतं आणि मग थैला चुरगळून कुठेतरी पडतो. पाकीट थैल्यालाच आतून शिवलेलं असेल, म्हणजे थैला त्याच्याच खिशात उलटून कोंबता येईल, तोच घ्यावा. घडी घालायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर ती रोज होणार नाही.

या थैल्यांची दोन दुखणी आहेत. पहिलं, बंद अंगच्याच पातळ कापडाचे आणि अरुंद असतात. दोन-तीन किलो झाले की त्यांची दोरी होते. बंद दुहेरी कापडाचे आणि निदान दीड इंच रुंद असावेत. दुसरं दुखणं नागपुरात लवकर दिसतं. पाणी झिरपू नये म्हणून आतून लावलेला पॉलियुरेथेनचा थर उष्णतेनं आणि दमटपणानं खराब होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून तापते. तिथे महिनोन् महिने पडलेला थैला जूनच्या पहिल्या पावसात उघडला की आतून चिकट निघतो, थराचे पापुद्रे सुटतात. धुऊन ते जात नाही. डिकीत ठेवायचा थैला साध्या सुती कापडाचाच असावा. थर असलेला पर्समध्ये ठेवा.

गाडीचा हुक

नागपुरात निम्मा बाजार दुचाकीवरून घरी येतो, तरी थैला विकत घेताना गाडीचं माप कोणी घेत नाही. स्कूटरचा हुक ते पायदान हे अंतर टेपनं मोजा. थैला बंदासकट लटकवल्यावर त्याचा तळ पायदानावर टेकला पाहिजे. वजन पायदानानं घ्यावं, हुकानं थैला फक्त सरळ उभा धरावा. तळ अधांतरी राहिला तर प्रत्येक गतिरोधकाला सगळं वजन बंदाच्या जोडावर आदळतं. उलट बंद फार लांब असले तर थैला पायदानावर फतकल मारतो, पायाशी येतो आणि कांदे रस्त्यावर. खांद्याला अडकवायचे लांब बंद असतील तर हुकाला लावण्याआधी मध्यावर एक सैल गाठ मारावी. हुकावर किती वजन चालतं ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांवर हुकाजवळही लिहिलेलं असतं. ते आकडे आपल्या सवयीपेक्षा बरेच लहान असतात.

हँडलच्या एका टोकाला थैला अडकवून चालवणं अगदी टाळावं. वळताना वजन झुलतं, हँडल एका बाजूला ओढतं आणि ब्रेकच्या दांडीत बंद अडकू शकतो. मोटारसायकलवाल्यांना पायदान नाही, त्यांच्यासाठी पाठीवर घ्यायचा किंवा मागच्या सीटवर रबरी दोरीनं बांधता येईल असा, तोंडाला चेन असलेला थैला योग्य. बाजूला लोंबकळणारा थैला सायलेन्सरला टेकला तर नायलॉन वितळतं, आणि मोकळा बंद मागच्या चाकात गेला तर काय होतं ते सांगायला नको.

काट्यावरून थैल्यात

आठवडी बाजारात थैल्याचं तोंड महत्त्वाचं. बुधवारी किंवा मंगळवारी नावाच्या बाजारात भाजीवाला पारडं किंवा काट्यावरचं घमेलं उचलतो आणि थेट तुमच्या थैल्यात उलटं करतो. त्या क्षणी थैल्याचं तोंड दोन्ही हातांनी ताणून घमेल्यापेक्षा मोठं करता आलं पाहिजे. अरुंद तोंडाच्या, उभट थैल्यात अर्धा किलो मिरच्या ओतल्या की पाच-सात तरी खाली पडतात, मागे रांग असते, आणि भाऊ सरळ पन्नी काढून त्यात घालून देतात. इथेच सवय मोडते. तोंड निदान पंधरा इंच रुंद, तळ सपाट आणि चार-पाच इंच खोल, काठ दुमडून जाड केलेला, म्हणजे थैला जमिनीवर ठेवला तरी आ वासून उभा राहतो आणि एक हात मोकळा होतो.

आत सगळं एकत्र टाकायचं नसतं. मातीचे बटाटे आणि ओला पालक एका थैल्यात आले की घरी दोन्ही निवडताना चिखल होतो. मोठ्या थैल्यात दहा बाय बारा इंचाच्या मलमलच्या तीन-चार थैल्या ठेवा, तोंडाला नाडी असलेल्या. एक मिरच्या-आलं-लसणासाठी, एक वाटाणा किंवा तुरीच्या शेंगांसाठी, एक पालेभाजीसाठी. अशी थैली वीस-पंचवीस ग्रॅम भरते. इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर "भाऊ, थैली ठेवून आधी शून्य करा" एवढं म्हणायचं. नाहीतर भाजी आधी मोजून मग थैलीत घ्यायची. भरण्याचा क्रम कांदे-बटाटे, मग कोबी-भोपळा, मग वांगी-काकडी, टमाटर वर आणि सांभार सगळ्यात वर, बाहेर डोकावणारा.

संत्र्यांना वेगळा थैला ठेवावा असं माझं ठाम मत आहे. नोव्हेंबर-डिसेंबरचा आंबिया बहार असो की फेब्रुवारी-मार्चचा मृग बहार, डझनभर संत्री साधारण दीड ते दोन किलो होतात आणि त्यांची साल सैल असते. खोल थैल्यात दोन डझन एकावर एक रचली तर खालची दबतात, एकाची साल फुटली की रस बाकीच्यांना लागतो आणि दोन दिवसांत हिरवी बुरशी चढते. रुंद, उथळ थैला हवा, ज्यात दोन-तीन थरांच्या वर रचता येणार नाही. टरबुजाचं उलट आहे. तीन-चार किलोचं एकच गोल फळ सगळं वजन तळाच्या मधल्या शिलाईवर टाकतं. तळाला मधोमध जोड असलेल्या थैल्यात टरबूज घेऊ नये. तळ अखंड कापडाचा असेल तर चालतं.

किराण्याबद्दल थोडक्यात: पाच किलोचा आटा, तेलाची पाकिटं, डाळी हे जड पण नीटनेटकं सामान. त्याला तळात पुठ्ठ्याची किंवा पातळ प्लायची काढघाल करता येणारी पट्टी असलेला चौकोनी थैला घ्या. मांस-मासळीला झाकणाचा स्टीलचा डबा न्या, आणि तो डबाही भाजीच्या थैल्यात ठेवू नका.

आता कापड

दुकानात कापडासारखे दिसणारे, हात लावला की किंचित खरखरीत, बारीक ठिपक्यांची नक्षी दाबलेले रंगीत थैले मिळतात. ते कापड नाही. ते न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच. महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली ती 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेनं. त्यानंतर हे थैले फार पसरले. केंद्राच्या नियमानं 30 सप्टेंबर 2021 पासून अशा थैल्यांचं वजन चौरस मीटरला निदान 60 ग्रॅम असायला हवं. ओळखायचं असेल तर काठाचा एक धागा ओढून बघा. विणीचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांनी उसवतं, हे नुसतं पिंजतं. चिमट्यात धरून तुकडा पेटवला तर सूत कागदाच्या वासानं जळून राख होतं, हे आक्रसून वितळतं आणि कडक मणी उरतो. उन्हात ते ठिसूळ होतं: गच्चीत किंवा गाडीच्या हुकावर एक उन्हाळा काढला की कोपऱ्यातून भुगा पडायला लागतो, आणि तो भुगा भाजीत जातो. घरात असे थैले असतील तर कोरड्या, हलक्या सामानाला वापरा आणि सावलीत ठेवा.

तागाचा थैला दिसायला देखणा आणि उभा राहायला उत्तम, म्हणून किराण्याला छान. भाजीला नाही. ताग ओला झाला की कमजोर होतो, हळू वाळतो आणि पावसाळ्यात त्याला कुबट वास धरतो. आतून प्लास्टिकचा थर दिला असेल तर धुता येत नाही, घडी पडेल तिथे थर तडकतो.

रोजच्यासाठी सुती कापडच. सूत ओलं झाल्यावर कमजोर होत नाही, उलट थोडं मजबूतच होतं, आणि कितीही वेळा धुता येतं. मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, हलका पडतो. तो लहान थैल्यांना ठीक. मोठ्या थैल्याला चौरस मीटरला 250 ते 300 ग्रॅमचं कापड घ्या, म्हणजे साधारण आठ-नऊ औंसाचं कॅनव्हास. 350 च्या वर गेलं की थैला रिकामाच जड लागतो, घडी फुगते आणि घरगुती मशिनीत बंदाच्या जोडावर सुई मोडते. गांधीबागेत, इतवारीत कापड हातात घेऊन उजेडाकडे धरा. वीण मधूनमधून विरळ दिसली तर वजन किती का असेना, सोडून द्या. खळ जास्त दिलेलं कापड कडक वाटतं आणि पहिल्या धुण्यात लुळं पडतं. कोपरा दोन बोटांत चोळून पाहा, पांढरी पूड सुटली तर खळ आहे.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सुती थैला पर्यावरणाला फुकट पडत नाही. कापसाला पाणी, जमीन, फवारणी सगळं लागतं. विदर्भात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या 2018 च्या अभ्यासात साध्या सुती थैल्याची तिथल्या सुपरमार्केटातल्या प्लास्टिक पिशवीशी तुलना केली होती. फक्त हवामानावरचा परिणाम धरला तर सुती थैला 52 वेळा वापरावा लागतो, सगळे परिणाम धरले तर 7,100 वेळा. दुसरा आकडा मुख्यतः ओझोनच्या थरावरच्या परिणामामुळे एवढा फुगला आहे आणि त्यात पिशवी नाल्यात तुंबण्याचा, गायीच्या पोटात जाण्याचा हिशेब नाही. तरीही त्यातून निघणारी गोष्ट खरी आहे: समारंभात मिळालेले दहा सुती थैले कपाटात पडून असतील तर ते नुकसानच. नवीन घेण्याआधी घरातली जुनी जीन्स, पडदा, चादर बघा. जीन्सच्या मांडीचं कापड थैल्याला अप्रतिम. गुडघ्याचं आणि बैठकीचं विरलेलं असतं, ते घेऊ नका. जुन्या सुती साडीची घडीची थैली फार छान होते, पण जरीचा काठ आधी काढा, तो धुण्यात आक्रसतो आणि थैली वाकडी होते.

शिवून घ्यायचा असेल तर

पंधरा इंच रुंद, सोळा उंच, पाच खोल हे माप बहुतेक घरांना पुरतं. आत साधारण वीस लिटर जागा होते. छत्तीस इंच पन्ह्याचं कापड सव्वा मीटर घ्या. ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात पाच-सात टक्के सहज आटतं, आणि नवारीच्या पट्टीचं आटणं वेगळं असतं, म्हणून तीही भिजवा. हे टाळलं तर शिवलेला थैला पहिल्या धुण्यानंतर बंदाजवळ चुण्या पडून आखडतो.

एकच तुकडा कापा: बावीस इंच बाय चाळीस इंच. तळ घडीचा, त्यामुळे तिथे जोड येत नाही. दोन्ही बावीस इंची काठ दीड-दीड इंच आत घेऊन दुमडा, दुमडीचं टोक आत दाबून टीप मारा. मग बंद. खाटेला लागते तशी सुती नवार, दीड इंच रुंद, सव्वातीन मीटर. ती थैल्याच्या एका बाजूनं वर, चोवीस इंचाचा फेरा सोडून खाली, तळाखालून पलीकडे आणि तसाच दुसरा फेरा, अशी एकच सलग पट्टी न्यायची. दोन उभ्या पट्ट्यांत सहा इंच अंतर. दोन्ही टोकं तळाखाली एकमेकांवर दोन इंच चढवून शिवा. हे सगळं बाजू शिवण्याआधी, कापड सपाट असतानाच करायचं. वजन मग नवार उचलते, कापड फक्त सामान धरून ठेवतं. टेलरला हे नीट समजावा. "ताई, बंद वरच्या काठाला नुसते टाचू नका, तळाखालून फिरवा." नेहमीच्या पद्धतीत बंद वरच्या दोन इंचांत संपतात आणि थैला तिथेच फाटतो, जवळजवळ नेहमी तिथेच.

वरच्या काठापाशी, जिथे नवार कापड सोडून हवेत जाते, तिथे दीड इंचाचा चौकोन आणि त्यात फुली अशी टीप हवी. एकाच रेघेवर चार वेळा मशीन पुढेमागे चालवली तर मजबुती येत नाही, सुईच्या भोकांनी कापड चिरतं आणि तिकिटासारखं फाटतं. टाका तीन मिलिमीटरचा, सुई सोळा किंवा अठरा नंबरची, दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा घासून आधी तुटतो.

बाजू शिवताना कापडाच्या उलट बाजू समोरासमोर ठेवून पाव इंचावर पहिली टीप, मग उलटवून पाऊण इंचावर दुसरी. कापडाची कड शिलाईच्या आत बंद होते, दोरे सुटत नाहीत, मिरचीचे देठ अडकत नाहीत. इंटरलॉक केलं तरी चालतं, पण ते वर्षभरात उसवायला लागतं. शेवटी थैला उलटा असताना तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणी ओढा, टोकापासून अडीच इंचावर आडवी पाच इंचाची दुहेरी टीप मारा. हा त्रिकोण कापू नका, तळाशी दुमडून टाचून द्या. कोपरे सगळ्यात आधी घासतात, तिथे दुहेरी कापड हवंच. उरलेल्या पट्टीत भाजीच्या दोन लहान थैल्या निघतात.

वापरात

थैला रिकामा झाला की कपाटात ठेवायचा नाही. दाराच्या आतल्या कडीला किंवा गाडीच्या किल्लीच्या खुंटीला अडकवा. किल्ली घेताना हात थैल्याला लागलाच पाहिजे. डिकीत एक साधा सुती थैला कायम, आणि तो वापरला की त्याच संध्याकाळी परत. थैला विसरतो म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा एवढंच चुकतं की रिकामा थैला स्वयंपाकघरात राहतो.

आठवड्यातून एकदा धुवा, पालेभाजीची थैली प्रत्येक वेळी. उलटी करून आधी झटका, माती कोरडीच पडते. ओली केल्यावर ती शिलाईत बसते. साधा साबण पुरे. हळदीचा डाग घासत बसू नका, साबणानं तो लालसर होतो पण दोन-तीन दिवस कडक उन्हात फिका पडतो. जुलै-ऑगस्टात थैला वाळल्याशिवाय घडी घातली तर काळे ठिपके येतात, ते मग जात नाहीत. पंख्याखाली पसरून वाळवा, बंदांची दुमड आणि तळाचा कोपरा हाताला गार लागला तर अजून ओल आहे.

महिन्यातून एकदा बंदाचा जोड दोन्ही हातांनी ओढून बघा. टाक्यांची भोकं लांबट दिसायला लागली म्हणजे दोरा शाबूत असला तरी कापड सुटायला लागलंय. त्या जागी आतून जीन्सचा तीन बाय तीन इंचाचा तुकडा लावून नव्या जागी चौकोन-फुली शिवा, जुन्या भोकांवरून नाही.